दोन कुलपांचा फोन

अमेरिकेत मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन आणि दुकानात रोख मोजून घेतलेला फोन दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो सांगलीत आल्यावर. दादानं दिवाळीला येताना त्याचा जुना पिक्सेल ३ए आईसाठी आणला. मी त्यात आईचं सिम सरकवलं, तर नेटवर्कच्या दांड्या यायच्या सोडून, हे सिम या फोनला चालत नाही असा निरोप आला. दादा म्हणाला, "अगं, याचे सगळे पैसे फेडलेत मी." फेडले होतेच. पण मोटारीचं कर्ज फिटलं तरी आरसी बुकावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना हरकत घ्यावी लागते, फॉर्म ३५ भरून आरटीओकडे अर्ज करावा लागतो, आणि हे सगळं ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानंच करायचं असतं. तसंच हे.

आईला हाच फोन हवा होता. हल्लीचे फोन तिच्या हातात मावत नाहीत. हा १४७ ग्रॅमचा, पाठ प्लास्टिकची म्हणून हातातून निसटत नाही, आणि मुख्य म्हणजे हेडफोनची पिन लावायची जागा अजून शाबूत. रात्री ती कीर्तन ऐकत झोपते, आणि बिनवायरचे इयरफोन कानात घालायला तिचा ठाम नकार आहे. "एक हरवला की दुसऱ्याचं काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१९ च्या मे महिन्यात हा फोन भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३९,९९९ रुपये होती. आमच्या घरात तेव्हा तो कुणी घेतला नसता.

नुसतं सिमचं कुलूप निघून भागणार नव्हतं. गूगलनं या मॉडेलचे अपडेट २०२२ मध्येच थांबवले, त्यामुळे फोन अँड्रॉइड १२ वर अडकलेला. मी सहकारी बँकेत काम करते. फोनवरून लोकांचे पैसे कसे जातात याची एक तरी तक्रार दर आठवड्याला टेबलावर येते. सुरक्षेचे अपडेट बंद झालेला फोन आईच्या हातात द्यायला माझं मन घेईना. मग त्यात लिनेजओएस घालायचं ठरलं. सायनोजेनमॉड हा प्रकल्प २०१६ च्या डिसेंबरात बंद पडल्यावर त्याच लोकांपैकी काहींनी पुढे चालवलेली ही अँड्रॉइडची आवृत्ती. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले बरेच फोन ती आजही सांभाळते. ती घालायची तर फोन चालू होताना अँड्रॉइडला जागं करणारं बूटलोडर अनलॉक करावं लागतं. म्हणजे आता कुलपं दोन, आणि दोघांचे मालक वेगळे.

सिमचं कुलूप मोबाइल कंपनीचं. प्रत्येक सिमवर ग्राहकाचा जो क्रमांक लिहिलेला असतो, त्याच्या सुरुवातीला देशाचा आणि कंपनीचा संकेतांक असतो. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांचा ३१०. कुलूपबंद फोन ते पहिले पाच-सहा आकडे बघतो आणि ओळखीचे नसले तर नेटवर्कला जोडून घेत नाही. फोन बिघडलेला नसतो, सिमही चांगलं असतं, आणि तरी कॉल लागत नाही.

बूटलोडरचं कुलूप फोन बनवणाऱ्याचं. फोन चालू केला की चिपमध्ये कोरलेला एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामवरची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, असं करत करत साखळी अँड्रॉइडपर्यंत पोचते. मधे कुठे बनवणाऱ्याची सही जुळली नाही की फोन पुढे जायला नकार देतो. चोरानं किंवा एखाद्या व्हायरसनं प्रणालीत हात घातला तर तो पकडला जावा म्हणून ही व्यवस्था. व्यवस्था चांगलीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बनवणाऱ्यानं स्वतः अपडेट द्यायचं सोडून दिलं, तरी दुसऱ्या कुणाचं अपडेट चालणार नाही म्हणून ती अडून बसते, तेव्हा फोन नेमका कुणाचा, असा प्रश्न पडतो.

ही दोन्ही कुलपं एकमेकांत अडकलेली असतात, हे मला आधी माहीत नव्हतं. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यात 'ओईएम अनलॉकिंग' नावाचा एक खटका आहे. तो चालू केल्याशिवाय बूटलोडर उघडायची आज्ञा फोन ऐकतच नाही. आमच्या फोनमध्ये तो खटका करड्या रंगाचा, बोटानं हलेना. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: इंटरनेट जोडा किंवा तुमच्या मोबाइल कंपनीशी संपर्क साधा. वायफाय जोडलेलंच होतं. राहिली कंपनी.

झालं असं होतं की पिक्सेल हा खटका मोकळा करण्याआधी इंटरनेटवरून विचारून घेतो, की हा नग एखाद्या मोबाइल कंपनीनं कुलूप लावून विकला आहे का. उत्तर 'हो' आलं तर खटका करडाच राहतो. म्हणजे आधी सिमचं कुलूप, मग बूटलोडरचं. हा क्रम उलटा करता येत नाही. आणि अमेरिकेत विकलेले सगळे पिक्सेल या बाबतीत सारखे नाहीत. व्हेरायझननं विकलेल्या पिक्सेलमध्ये सिमचं कुलूप निघालं तरी बूटलोडरचा खटका करडाच राहतो. हार्डवेअर तेच, डबाही तोच, फक्त फोनच्या पोटात एक खूण वेगळी. अमेरिकेतून कुणी जुना पिक्सेल देऊ केला तर रंग आणि जीबी विचारण्याआधी तो कुठून घेतला होता ते विचारा. दादाचा दुसऱ्या कंपनीचा होता, म्हणून आशा होती.

मधल्या काळात मी स्टेशन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. माणूस जाणता आहे, आमच्या घरातले निम्मे फोन त्याच्या हाताखालून गेलेत. त्यानं फोन उलटासुलटा केला, बिल्ड नंबर बघितला आणि परत दिला. "ताई, नोकियाच्या वेळी आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी नंबर, सांगितला की मी कोड काढून द्यायचो. तो पी-डब्ल्यू-प्लसवाला. आता कोड फोनमध्ये नसतोच, सगळं त्यांच्या सर्व्हरवर." आयफोनसाठी सिमच्या खाली ठेवायची एक पातळ पट्टी त्याच्याकडे होती. ती फोनला फसवून सांगते की हे सिम अमेरिकेतल्याच कंपनीचं आहे. एखाद्या अपडेटनंतर ती चालायची बंद होते, हेही त्यानंच सांगितलं. आयएमईआय आणि पैसे घेऊन दहा मिनिटांत अनलॉक करून देतो म्हणणारे इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्यांच्या नादी लागू नका, हेही तोच म्हणाला. स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार विरळाच.

आपल्याकडे या कुलपाची सवय नाही, कारण आपण बहुतेक फोन पूर्ण पैसे मोजून घेतो आणि सिम वेगळं घेतो. अगदीच झालं नाही असं नाही. २००३ मध्ये रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला, तेव्हा त्या सीडीएमए फोनमध्ये सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच लिहिलेला. दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर फोनच टाकून द्यायचा. २००८ मध्ये आयफोन ३जी व्होडाफोन आणि एअरटेलमार्फत आला तो बांधलेलाच. २०१७ चा जिओफोन जिओच्याच सिमवर चालायचा. आमच्या पिढीला हे आठवतं, भाच्याला सांगितलं तर खोटं वाटतं.

अमेरिकेत मात्र आधी दोन वर्षांच्या करारावर आणि मग हप्त्यावर फोन घ्यायची पद्धत रुजलेली, आणि त्याबरोबर कुलूपही. तिथे तर एके काळी स्वतःचा फोन परवानगीशिवाय अनलॉक करणं कायद्यातच बसत नव्हतं. सिनेमे आणि गाण्यांच्या चोरीविरुद्ध १९९८ मध्ये केलेल्या प्रताधिकार कायद्यात डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे, आणि फोनचं कुलूप त्यातच धरलं गेलं. २००६ पासून त्याला सूट होती. ती नव्या फोनसाठी काढून घेतली गेली आणि २६ जानेवारी २०१३ पासून बंदी लागू झाली. व्हाइट हाउसकडे लाखाहून जास्त सह्यांचं निवेदन गेलं, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं ती सूट परत आणली. पण त्या कायद्यात एक मेख आहे. ग्राहकाला कुलूप काढायची मुभा मिळाली, कंपनीनं ते काढून दिलंच पाहिजे असं काही त्यात नाही. कंपन्यांनी आपणहून काही अटी जाहीर केल्या: फोनचे पैसे पूर्ण फिटलेले हवेत, फोन चोरीला गेल्याची नोंद नको, ठरावीक दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला हवा. कॅनडानं १ डिसेंबर २०१७ पासून कुलूप लावून फोन विकायलाच बंदी केली, आणि जुने फोन फुकट उघडून द्यायला लावले. ब्रिटननंही डिसेंबर २०२१ पासून अशा विक्रीवर बंदी घातली. हप्ते बुडतील म्हणून कुलूप हवं, हा अमेरिकी कंपन्यांचा युक्तिवाद तिथे चालला नाही, आणि त्या दोन्ही देशांत हप्त्यावर फोन विकणं काही बंद पडलं नाही.

दादा तोवर न्यू जर्सीला परत गेला होता. अर्ज त्यालाच करायचा होता, कारण फोन त्याच्या नावावर. आणि त्यानं मधल्या काळात मोबाइल कंपनी बदललेली. बंद खात्याचा माणूस कुणाचाच ग्राहक नसतो, हे मला काउंटरच्या आतल्या बाजूनं चांगलं माहीत आहे. त्यांच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा तर लॉगिन हवं, लॉगिनला नंबर हवा, आणि तो नंबर आता दुसऱ्या कंपनीत. मग फोन करून बोलायचं. पलीकडून खात्याचा जुना पिन विचारला. तो दादाला आठवेना. पत्ता विचारला, तर घर बदललेलं. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ, कामावर जायच्या घाईत तो मला लाइनवर घ्यायचा. मी इथून *#०६# दाबून आलेले पंधरा आकडे वाचायची, तो ते इंग्रजीत तिकडे सांगायचा. दर वेळी पलीकडचा माणूस नवा, आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून.

अडलं होतं ते एका किरकोळ बाकीवर. खातं बंद करताना शेवटचं बिल निघालं होतं, त्यातले काही डॉलर राहिलेले. ते बिल जुन्या पत्त्यावर गेलं. फोनचे हप्ते पूर्ण, पण खात्यावर बाकी म्हणून फोन पात्र नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तिथल्या तिथे भरले असते. वहिनीनं शेवटी सूत्रं हातात घेतली. तिनं बाकी भरली, पावतीचा क्रमांक लिहून घेतला, आणि पुढच्या कॉलला क्रमांकच आधी सांगितला. त्यानंतर विनंती मान्य झाल्याची मेल आली. सरकारी असो वा खासगी, कागदाचा क्रमांक हातात असला की समोरच्याचा आवाज बदलतो.

मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे फोन वायफायला जोडून ठेवला, बंद करून चालू केला. आईचं सिम घातलं. दांड्या आल्या. आईचं सिम जिओचं, आणि जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, साधा कॉलसुद्धा फोरजीवरूनच जातो. म्हणून नुसतं नेटवर्क दिसून उपयोग नाही, कॉल लावून बघायला हवा. लावला. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "हॅलो, कोण?"

इथेच थांबावं असं क्षणभर वाटलं खरं. कॅमेरा चांगला, फोन चालतोय, आई खूश. पण अँड्रॉइड १२ वरचा तो जुना सुरक्षा-अपडेट दिसत होताच.

बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. हे टाळता येत नाही, आणि टाळता येऊ नये. चोरानं फोन उचलला, बूटलोडर उघडलं आणि आपली प्रणाली घालून आतले फोटो वाचले, असं होऊ नये म्हणून उघडण्याच्या आज्ञेबरोबर आतल्या माहितीची किल्लीच फोन नष्ट करतो. दादाचे फोटो त्यानं आधीच काढून घेतले होते. तरी त्याला विचारून घेतलं, कारण "काही नाही त्यात" असं म्हणणाऱ्यांचं नेमकं काहीतरी असतं. होतंच. दादाच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये निघाले.

आणखी एक तिसरं छोटं कुलूप वाटेत येतं. फोनमध्ये गूगल खातं तसंच ठेवून फोन बाहेरून, म्हणजे रिकव्हरी नावाच्या दुरुस्तीच्या मेनूतून, साफ केला, तर पुढच्या वेळी तो त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीविरुद्धच ती सोय. म्हणून आधी दादाचं खातं सेटिंगमधून रीतसर काढलं आणि मग तिथूनच फोन साफ केला. परत चालू करून वायफाय दिलं, बिल्ड नंबरवर सात वेळा बोट. खटका आता करडा नव्हता. तो डावीकडून उजवीकडे सरकवताना जे समाधान मिळालं ते पुढच्या कुठल्याच टप्प्यावर मिळालं नाही.

पुढच्या कामाला भाच्याला बोलावलं. तो अभियांत्रिकीला आहे. मला एकटीला जमलं नसतं असं नाही, पण असल्या वेळी शेजारी कुणीतरी आज्ञा मोठ्यानं वाचणारं असावं. लॅपटॉपवर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घेतली. त्यात दोन छोटे प्रोग्राम असतात: चालू फोनशी बोलणारा एडीबी आणि बूटलोडरशी बोलणारा फास्टबूट. पहिला अडथळा केबलचा. घरात केबली पुष्कळ, पण त्यातल्या निम्म्या नुसत्या चार्जिंगच्या, त्यांतून माहिती जात नाही. लॅपटॉपला फोन दिसेचना. भाचा ड्रायव्हर बदलायला निघाला होता. मी म्हटलं, आधी केबल बदल. केबल बदलली, फोन दिसला, पडद्यावर या संगणकावर विश्वास ठेवायचा का असं विचारलं गेलं.

मग फोन बूटलोडरमध्ये नेला. पडद्यावर पोट उघडून आडवा पडलेला अँड्रॉइडचा यंत्रमानव, खाली बारीक ओळी: मॉडेल, सिरीयल क्रमांक, आणि एक ओळ डिव्हाइस स्टेटची, पुढे 'लॉक्ड'. लॅपटॉपवर फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक एवढीच आज्ञा. ती दिली की काम लगेच होत नाही. फोनवर इशाऱ्याचा पडदा येतो, आणि आधीपासून निवडलेला पर्याय असतो 'अनलॉक करू नका'. आवाजाच्या बटणानं तो बदलायचा आणि पॉवरच्या बटणानं होकार द्यायचा. ही पद्धत मला आवडली. लॅपटॉपवरून कुणी गुपचूप हे करू शकत नाही, फोन हातात असलेल्या माणसाचंच बोट लागतं. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. ओळीत 'अनलॉक्ड' आलं. हे सगळं एक चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात. ज्यासाठी न्यू जर्सी आणि सांगली एवढे दिवस जागी होती, ते काम मशीनच्या लेखी इतकंच होतं.

लिनेजओएस घालण्याचा भाग इंटरनेटवर पायरीपायरीनं लिहिलेला सापडतो, तो परत सांगत बसत नाही. मॉडेलचं टोपणनाव तेवढं जुळवून बघावं. पिक्सेल ३ए चं 'सार्गो' आहे, आणि ३ए एक्सएलचं वेगळं. चुकीची फाइल चढवली की पश्चात्ताप ठरलेला. आधी त्यांची रिकव्हरी, मग रिकव्हरीतून डेटा साफ, मग केबलवरून मोठी फाइल पाठवायची. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

एक, फाइल जात असताना लॅपटॉपवर टक्के दिसतात, आणि कधी कधी ते ४७ वर थांबतात. खाली ओळ येते, एडीबीला आज्ञा वाचता आली नाही, कारण: यश. विनोद नाही, खरोखर असंच लिहून येतं: फेल्ड टू रीड कमांड, सक्सेस. भाच्याचा हात केबलकडे गेला. मी तो धरला. लिनेजओएसच्या सूचनांमध्येच लिहिलंय की असं दिसलं तरी काम झालेलं असू शकतं, फोनच्या पडद्यावर काय आलंय ते बघा. फोनवर काम पूर्ण झाल्याचं होतं. अर्ध्या वाटेत केबल उपटणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

दुसरी गोष्ट गूगलच्या अ‍ॅपची. लिनेजओएसमध्ये प्ले स्टोअर नसतं, ते वेगळं घालावं लागतं आणि फोन पहिल्यांदा चालू व्हायच्या आधी घालावं लागतं. या फोनमध्ये प्रणालीचे दोन कप्पे असतात, ए आणि बी. नवी प्रणाली रिकाम्या कप्प्यात जाते. म्हणून ती घातल्यावर रिकव्हरीतूनच परत रिकव्हरीत जायचं, म्हणजे फोन नव्या कप्प्यात येतो, आणि मग गूगलची फाइल पाठवायची. तिच्यावरची सही ओळखीची नाही, तरी घालू का, असं रिकव्हरी विचारते. हो म्हणायचं. घरात रोज ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून कंठशोष करणारी मी, सही न जुळणाऱ्या फाइलला हो म्हणत होते.

आता बूटलोडर उघडं असल्यानं फोन चालू होताना दर वेळी एक पडदा येतो. इंग्रजीत लिहिलेलं असतं की या फोनमधली प्रणाली तपासता येत नाही, कृपया बूटलोडर लॉक करा. काही सेकंदांनी तो आपोआप जातो. आईनं पहिल्यांदा बघितला तेव्हा तिला वाटलं फोन बिघडला. "रोज अशी धमकी देणार का हा?" रोज नाही, चालू केल्यावरच, असं सांगितल्यावर तिनं रात्री फोन बंद करायचं सोडलं.

मग लॉक का करत नाही, हा भाच्याचाही प्रश्न होता. कारण लॉक केलं की तीच सह्यांची साखळी परत लागू होते, आणि आता आत असलेल्या प्रणालीवर गूगलची सही नाही. फोन सुरूच व्हायचा नाही. पिक्सेलमध्ये स्वतःची किल्ली बसवून लॉक करायची सोय आहे, ग्राफीनओएस ही अशीच दुसरी प्रणाली बनवणारे तेच करतात, पण साध्या लिनेजओएसला तसं करायला जाऊ नये. घाईनं 'सुरक्षित करतो' म्हणून लॉकची आज्ञा देऊन फोन निकामी केलेले लोक बरेच आहेत.

खरी किंमत मोजावी लागते ती बँकेच्या अ‍ॅपमध्ये. अ‍ॅप गूगलला विचारतं की हा फोन मूळ स्थितीत आहे का. पूर्वी अनलॉक झाल्याचं लपवायच्या युक्त्या सहज चालायच्या. आता फोनमधली सुरक्षेची चिपच बूटलोडर उघडं आहे हे सही करून सांगते, आणि ती सही सहजासहजी खोटी करता येत नाही. एका अ‍ॅपनं उघडल्या उघडल्या नकार दिला. दुसरं उघडलं, पण खातं जोडायला तयार होईना. तिसरं बिनतक्रार चाललं, आणि ते का चाललं हे मला आजही कळलेलं नाही. लपवाछपवीचे उपाय अजूनही करणारे आहेत, ते काही दिवस चालतात, मग बंद पडतात, मग नवे निघतात. बँकेच्या बाजूनं बघितलं तर नकार देणाऱ्याचं मला पटतं. समोरच्या फोनमध्ये काय आहे हे कळत नसेल तर पैसे कसे सोडायचे? ग्राहक म्हणून बघितलं तर चार वर्षांपूर्वीच्या भोकांसकट असलेला कुलूपबंद फोन या तपासणीत पास होतो आणि ताज्या अपडेटचा आईचा फोन नापास, हे हास्यास्पद आहे. तपासणी फोन सुरक्षित आहे का याची नाही, तो मूळचा आहे का याची आहे. आईला तसंही फोनवरून पैसे द्यायचे नव्हते. दूधवाल्याला ती रोखच देते, आणि बाकी सगळं बाबांच्या फोनवर. तिच्या फोनवर ते अ‍ॅपच नाही, हा माझ्या मते फायदाच.

दुसऱ्या कुणाच्या फोनचं हे असंच होईल असं मात्र नाही. सॅमसंगमध्ये अनधिकृत प्रणाली घातली की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेची एक खूण कायमची बदलते, मूळ प्रणाली परत घातली तरी ती पूर्ववत होत नाही. हुआवेनं २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणंच बंद केलं. मोटोरोलाच्या बऱ्याच मॉडेलना फोनमधून आलेला लांबलचक मजकूर त्यांच्या वेबसाइटवर चिकटवला की मेलवर कोड येतो, पण ते मॉडेल त्यांच्या यादीत असायला हवं. म्हणून घेताना विचारायचं, घेतल्यावर नाही.

भाच्याचा स्वतःचा फोन एका चिनी कंपनीचा. आईचा फोन मार्गी लागलेला बघून त्यालाही आपलं बूटलोडर उघडायची हुक्की आली. त्याच्या फोनला अर्ज त्यांच्याच अ‍ॅपमधून करायचा, आणि रोज ठरावीक लोकांनाच परवानगी मिळते. कोटा उघडतो बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या साडेनऊला. परवा जेवताना तो ताटावरून मधेच उठला, फोन घेऊन गॅलरीत गेला आणि तसाच परत आला.

"संपला?"

"नऊ एकतीसला उघडलं मावशी, तोवर गेला."

"मग उद्या एकोणतीसलाच बस. आणि ताट तिकडेच घेऊन जा."